बिनविरोध न्यायाधीश ते सर्वोच्च न्यायालय

न्यायाधीश निवडणुकीने आले की ते राजकारणीच होतात, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायाधीश जॅनेट प्रोटासेविट्झ यांचं उदाहरण बघा. त्या तिथल्या मिलवॉकी काउंटीत (जिल्ह्यात) पंचवीसहून अधिक वर्षं सरकारी वकील होत्या. २०१३ साली तिथल्या सर्किट कोर्टाच्या (खालच्या कोर्टाच्या) निवडणुकीत रेबेका ब्रॅडली यांनी त्यांना हरवलं. २०१४ आणि २०२० मध्ये मात्र त्या बिनविरोध आल्या. खालच्या कोर्टाच्या अशा निवडणुकांकडे फारसं कुणाचं लक्षही जात नाही. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं.

खरा बिघाड वरच्या पायरीवर होतो. २०२३ मध्ये प्रोटासेविट्झ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या राहिल्या. गर्भपाताच्या हक्काबद्दल उघड बोलल्या, मतदारसंघांचे नकाशे लबाडीने आखलेत असंही म्हणाल्या. परंपरावादी प्रतिस्पर्धी डॅनियल केली यांना त्यांनी सुमारे अकरा टक्क्यांच्या फरकाने हरवलं, आणि न्यायालयातलं बहुमत ४-३ असं उदारमतवाद्यांकडे गेलं. (ब्रॅडली तोवर त्याच न्यायालयात पोचल्या होत्या, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्धी तेव्हा सहकारी झाल्या!)

डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्या प्रचाराला जवळपास एक कोटी डॉलर दिले होते. पक्षाच्या खटल्यांतून बाजूला राहू, असा शब्द प्रोटासेविट्झ यांनी दिला होता. नकाशांच्या खटल्यात पक्ष वादी नव्हता, म्हणून त्या न्यायाधीश म्हणून बसल्या आणि डिसेंबरमध्ये ते नकाशे रद्द झाले. निकाल मला योग्य वाटतो. तरीही त्यांनी त्या खटल्यात बसायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे.