'आक्रमक' खेळाडू म्हणजे नक्की कसला?

परवा फुटबॉलपटू रॉय कीनवरून आमच्यात कडाक्याचा वाद झाला. एक मित्र म्हणाला, "मँचेस्टर युनायटेडला इतका आक्रमक कर्णधार पुन्हा मिळालाच नाही." दुसरा लगेच उसळला, "आक्रमक होता हेच तर मी सांगतोय! लाल कार्ड घेऊन संघाला दहा जणांवर आणून सोडायचा." मग तिसऱ्याने विचारलं, की कीन खेळायचा मधल्या फळीत, गोल मारणं हे काही त्याचं मुख्य काम नव्हतं, मग तो आक्रमक कसा?

म्हणजे शब्द एक आणि अर्थ तीन. एकाला त्यात धडाडी दिसली, दुसऱ्याला दांडगाई आणि तिसऱ्याला गोलवर चाल करून जाणं. तासभर भांडून आम्ही होतो तिथेच राहिलो. अशा खेळाडूसाठी मराठीत याहून नेमके शब्द आहेत का? आणि 'आक्रमक' हे मुळात कौतुक की दूषण?

•••

मुळात दोन्ही नाही. 'क्रम्' धातूचा अर्थ पाऊल टाकणे, चालणे. 'आ' लागल्यावर एखाद्याच्या रोखाने चालून जाणे. पराक्रम, विक्रम, अतिक्रमण ही सगळी याच घरातली भावंडं. इंग्रजी 'अॅग्रेशन' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचाही अर्थ हाच आहे, कुणाच्या तरी दिशेने पाऊल टाकणे. दोन भाषांनी हा शब्द एकाच हालचालीवरून घडवला याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हा 'आक्रमक' एवढंच सांगतो की हा गडी थांबून राहत नाही, पुढे जातो. कशाकडे जातो ते मात्र सांगत नाही, आणि तुमचा वाद त्या न सांगितलेल्या जागेवरच अडला आहे. मराठीत ती जागा भरायला दोन साधे वाक्प्रचार आहेत: चेंडूवर जाणे आणि अंगावर जाणे. मैदानावर हे रोज ऐकू येतात, "चेंडूवर जा, अंगावर जाऊ नकोस." माझ्या मते या विषयावर यापेक्षा नेमकं कुणी काही म्हटलेलं नाही.

कीनच्याच दोन सामन्यांवर हे ताडून बघा. २१ एप्रिल १९९९, तुरिन, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना. युव्हेंटसने पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल केले होते. कीनने डोक्याने गोल करून युनायटेडला सामन्यात परत आणलं. थोड्याच वेळात युव्हेंटसच्या झिदानला पाडल्याबद्दल त्याला पिवळं कार्ड मिळालं. आधीच्या कार्डात याची भर पडल्याने संघ अंतिम फेरीत गेला तरी आपण खेळणार नाही हे त्याला तिथेच कळलं, आणि उरलेला तासभर तो असा खेळला की युनायटेडने सामना ३-२ असा जिंकला. याला 'आक्रमक' म्हटलं तर चुकत नाही, पण तोकडं पडतं. झुंजार म्हणा, जिगरबाज म्हणा.

बरोबर दोन वर्षांनी, २१ एप्रिल २००१ ला, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात त्याने सिटीच्या आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर पाय घातला. मागे १९९७ मध्ये हालांडला अडवायला जाताना कीनच्याच गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता, आणि हालांड त्याच्या डोक्याशी उभा राहून 'नाटक करतोस' म्हणून ओरडला होता. ते कीन विसरला नाही. २००२ मध्ये त्याच्या आत्मचरित्रातला या प्रसंगाबद्दलचा मजकूर वाचून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याच्यावर आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड लावला. या कृत्याला आक्रमक म्हणणं म्हणजे त्यावर पांघरूण घालणं आहे. मराठीत याला डूख धरणे म्हणतात, आणि असं खेळणाऱ्याला खुनशी. यात पाऊल अंगावर पडलंच, शिवाय ते टाकायचं चार वर्षं मनात होतं.

•••

'धसमुसळा' कसा काय राहिला? मराठी क्रीडावार्तांत फुटबॉल आणि हॉकीसाठी 'धसमुसळा खेळ' हे ठरलेलं वर्णन आहे. लहानपणापासून वाचत आलोय. मी तरी कीनला सरळ धसमुसळा म्हणेन.

•••

कीनला नको, कृपा करून. धसमुसळा माणूस कसा असतो ते आठवा. दार उघडताना कडी उखडतो, पाठीवर प्रेमाने थाप मारतो तर समोरचा कोलमडतो. त्याला आपल्या अंगातल्या बळाचा अंदाज नसतो. मनात वाईट काही नसतं. शब्दातच मुसळ ऐकू येतं, नाजूक कामाला मुसळ चालत नाही. धसमुसळा टॅकल (समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावायची झडप) म्हणजे अर्धा क्षण उशिरा आलेला, चेंडू निघून गेल्यावर पायावर पडलेला. युनायटेडच्याच पॉल स्कोल्सचे टॅकल असे असायचे. पासिंगमध्ये इतका तलम खेळाडू, पण चेंडू हिसकावायला गेला की वेळ हमखास चुकायची. पंचांनी कार्ड दाखवावं, ते योग्यच. पण त्याला खुनशी म्हणणं अन्याय होईल.

कीनचा पाय कुठे पडणार हे कीनला पक्कं माहीत असायचं. म्हणून तो शब्द त्याला बसत नाही.

'आडदांड' वेगळा, त्यात देहयष्टी येते आणि कुणाला न जुमानणं येतं. 'रांगडा' मात्र जपून वापरावा. त्यात नव्वद टक्के कौतुकच असतं, त्यामुळे आपल्या लाडक्या खेळाडूचे फाऊल झाकायला तो फार सोयीचा पडतो. आपल्या संघाचा असला की रांगडा, समोरच्या संघाचा असला की गुंड. मी हे स्वतः केलेलं आहे आणि आता करायचं नाही असं ठरवलं आहे.

•••

मी काही वर्षं हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, म्हणून नियमाच्या बाजूने थोडं. फुटबॉलच्या बाराव्या नियमात फाऊलच्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र शब्द आहे. पहिली, खेळाडूने पुरेसं लक्ष दिलं नाही, काळजी घेतली नाही; इथे नुसती फ्री किक, कार्ड नाही. दुसरी, समोरच्याला धोका होईल याची त्याने पर्वा केली नाही, पिवळं कार्ड. तिसरी, गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणली, लाल कार्ड.

हे नवीन पंचांना मराठीत समजावताना मला शब्द सापडत नव्हते. शेवटी सापडले ते रस्त्यावरच्या अपघाताच्या बातमीत: हयगय आणि बेदरकारपणा. 'हयगयीने वाहन चालवणे' आणि 'बेदरकारपणे वाहन चालवणे' यांत जो फरक आहे तोच पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. हयगय करणाऱ्याचं लक्ष नसतं. बेदरकाराचं लक्ष असतं, पण त्याला फिकीर नसते. तिसरीसाठी मी 'अवाजवी बळ' म्हणतो. कार्डांची कल्पनासुद्धा रस्त्यावरूनच आली आहे. इंग्लिश पंच केन अॅस्टन यांना सिग्नलचे दिवे बघून ती सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. त्याआधी १९६२ मध्ये चिली आणि इटली यांच्यातला कुप्रसिद्ध हाणामारीचा सामना याच अॅस्टन यांनी सांभाळला होता.

आता चाहत्यांचं आवडतं वाक्य घेऊ, "आधी चेंडूला लागला होता!" चेंडूला आधी पाय लागला म्हणून अवाजवी बळ माफ होत नाही. वर कुणी 'चेंडूवर जाणे, अंगावर जाणे' म्हटलं ते मला पटतं, पण चेंडूवर जातानाही माणूस बेदरकार असू शकतो. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा नायजेल डी याँग उंच उडालेल्या चेंडूसाठीच गेला होता, आणि त्याच्या बुटाचे खिळे स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर बसले. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दाखवलं. तिथे लाल हवं होतं हे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. डी याँगच्या मनात डूख नव्हता. तरीही लालच.

पंचाशी वाद घालण्याचा गुन्हा वेगळा आहे. त्याला 'मतभेद' म्हणतात ते फारच सभ्य झालं. हुज्जत म्हणा. कार्ड मिळतं ते हुज्जतीला.

•••

हयगय आणि बेदरकारपणा मी उचलले, आभार. एक भर घालते.

झिदानबद्दल बोलताना 'आततायी' हा शब्द मला योग्य वाटतो. संस्कृतात आततायी म्हणजे धनुष्य ताणून ठार मारायला सज्ज झालेला. धर्मशास्त्रात आग लावणारा, विष देणारा, असे सहा आततायी सांगितले आहेत, म्हणजे पक्के गुन्हेगार. मराठीत येता येता त्याची धार बदलली. आज आपण आततायी म्हणतो ते पुढचामागचा विचार न करता टोकाला जाणाऱ्याला. जुन्या अर्थातलं ते ताणलेलं धनुष्य मात्र मला अजून त्यात दिसतं. ९ जुलै २००६, बर्लिन, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं ११० वं मिनिट. फ्रान्सचा झिदान इटलीच्या मातेराझीच्या पुढे चालत गेला होता. तो थांबला, वळला आणि त्याच्या छातीत डोकं हाणलं. चेंडू भलतीकडेच होता. याला डूख म्हणता येणार नाही, कारण आत काही साठवलेलं नव्हतं. धसमुसळेपणा तर नाहीच, इतका डौलदार खेळाडू दुसरा झाला नाही. दोरी ताणलेली होती आणि सुटली. मला तो क्षण आजही बघवत नाही.

दुसरं, 'शिस्त' या शब्दाविषयी. आपण तो सैनिकी कवायतीसारखा वापरतो, गप्प बसणे, रांगेत राहणे. पण फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ आहे नेम, नेमाची सरळ रेषा. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. त्यामुळे 'हा आक्रमक आहे पण बेशिस्त आहे' हे वाक्य मला आता वेगळं ऐकू येतं. पाऊल पुढे पडलं, पण नेम सुटला. गॅरी लिनेकरला सबंध कारकिर्दीत एकही कार्ड मिळालं नाही, पण तो आघाडीचा खेळाडू, चेंडू हिसकावणं हे त्याचं काम नव्हतं. मला जास्त नवल वाटतं ते फ्रान्सच्या मधल्या फळीतल्या एन्गोलो कान्तेचं. दिवसभर लोकांच्या पायातून चेंडू काढतो आणि अंगावर गेल्यासारखा वाटत नाही. त्याला आक्रमक कुणी म्हणत नाही. चिवट म्हणतात, आणि चिवट हा किती चांगला शब्द आहे!

•••

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्रांना वाचून दाखवलं. तुरिनचा कीन झुंजार यावर तिघेही राजी झाले. २००१ च्या कीनला खुनशी म्हणायला कौतुक करणारा मित्र आधी तयार नव्हता, "लढवय्या होता रे" म्हणत राहिला. मग मी विचारलं, "लढवय्या चार वर्षं थांबून गुडघ्यावर पाय देतो का?" तो बराच वेळ बोलला नाही आणि शेवटी म्हणाला, "तेवढ्यापुरता खुनशी." मला ते 'तेवढ्यापुरता' आवडलं. शब्द कृत्याला चिकटवावा, माणसाला जन्मभरासाठी नाही.

पण त्यातून नवा वाद निघालाय. उरुग्वेचा लुईस सुआरेझ. २०१० मध्ये बक्कल, २०१३ मध्ये इव्हानोविच, २०१४ च्या विश्वचषकात किएलिनी, तीन जणांना चावला. बंदी आधी सात सामने, मग दहा, मग नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि वर चार महिने फुटबॉलच बंद. वरचा एकही शब्द त्याला लागू पडत नाही. डूख नाही, कारण तिघांशी वैर नव्हतं. बेदरकार म्हणावं तर ते टॅकलला. आततायी एकदा म्हणता येईल, तीनदा कसं म्हणणार?

•••

खोड. जित्याची खोड म्हणतात ना, ती.