किल्ल्यावर निदान एकदा पायी चढा

ग्वाल्हेरला दोन दिवस असतील तर किल्ल्याला दोन तास पुरेत, उरवाई दरवाजातून गाडी थेट वर न्यायची, असा सल्ला प्रवासाला निघणाऱ्यांना काही जण देतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडीच बरी, शिवाय त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती दिसतात. पण मुलांना घेऊन पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाजातून पायीच चढा. तिथून गाडी जात नाही, आणि म्हणूनच वाटेतलं चतुर्भुज मंदिर बहुतेकांचं राहून जातं. खडकात कोरलेलं चिमुकलं देऊळ आहे ते. आतल्या इ.स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेचं माप दिलंय, 270 हात लांब आणि 187 हात रुंद, शिवाय रोजच्या 50 माळांची सोय. त्या 270 आणि 50 मधलं शून्य आपण आज लिहितो तसंच, गोल!

आम्ही ग्वाल्हेरच्याच लष्कर या भागात राहतो, पुण्याहून भाचरं आली की हीच वाट धरतो. मागच्या खेपेला देवळाला कुलूप होतं, चौकीदाराला विनंती केल्यावर त्यानं उघडलं. पाचवीतल्या भाचीनं ते शून्य स्वतः शोधून काढलं, तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. म्हाताऱ्या मंडळींना गाडीनं मानमंदिर या किल्ल्यावरच्या राजवाड्यापाशी बोलवा, तिथे सगळे भेटतात. चढ खडा आहे, सकाळी उन्हाआधी निघा. सोमवार मात्र टाळा, पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं आणि तिथली शालभंजिका ही दगडी स्त्रीमूर्ती चुकवू नये अशीच आहे.