मुशियाची दगडी नाव : आधी आख्यायिका, की आधी चर्च?

कयाधूकाठ (हिंगोली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने पुढील बैठकीसाठी समुद्रकाठची देवस्थाने हा विषय घेतला असून स्पेनच्या वायव्य टोकावरील मुशिया या मासेमारीच्या गावातील चर्चची माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गालिसिया प्रांतातील या किनाऱ्याला तेथील लोक ‘कोस्ता दा मोर्ते’, म्हणजे मृत्यूचा किनारा म्हणतात, कारण खडकांवर आपटून फुटलेल्या जहाजांची तेथे गणतीच नाही. अगदी समुद्राच्या तोंडावर, उघड्या खडकावर हे चर्च उभे आहे आणि ते ‘विर्शे दा बार्का’, म्हणजे नावेतल्या मेरीमातेच्या नावाने ओळखले जाते.

मी वाचलेली आख्यायिका थोडक्यात अशी. येशूचा शिष्य याकोब, ज्याला स्पेनमध्ये सान्तियागो म्हणतात, तो या भागात धर्मोपदेश करीत असता लोक ऐकेनात म्हणून खचून गेला. तेव्हा मेरीमाता दगडी नावेतून समुद्रमार्गे त्याच्यापाशी आली, तुझे काम फुकट गेलेले नाही असा तिने त्याला धीर दिला आणि जेरुसलेमला परतण्यास सांगितले. त्या नावेचे अवशेष म्हणून तीन मोठे दगड आजही चर्चपुढे दाखवले जातात. पुढे त्या दगडांपाशी मेरीची मूर्ती सापडली, ती गावातील चर्चमध्ये नेली, पण ती पुन्हा पुन्हा दगडांपाशीच परत आली, अशीही जोडकथा आहे.

आम्ही औंढा नागनाथाच्या सावलीत वाढलेली माणसे. नामदेवमहाराजांना कीर्तन करता करता देवळामागे जावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे जागा सोडण्यास नकार देणाऱ्या मूर्तीची कथा मला परकी वाटली नाही. तरीही बैठकीत कोणीतरी विचारणारच की यातला इतिहास कोणता. आख्यायिका जुनी की इमारत? आणि याकोब तेथे खरोखर गेला होता काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शिलावाचक (अंबाजोगाई)

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हेरोद अग्रिप्पा राजाने याकोबाला तलवारीने मारल्याचा उल्लेख आहे आणि ही घटना साधारणपणे इसवी सन ४४च्या सुमाराची मानली जाते. त्याआधी तो स्पेनला जाऊन आला असे सांगणारा एकही समकालीन आधार नाही. तसे म्हणणारे लेखन सातव्या शतकाच्या आसपास दिसू लागते. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुसरा आल्फोन्सो राजा असताना, इरिया येथील बिशप तेओदोमिरो याने आज जेथे सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे तीर्थाचे शहर आहे तेथील एका थडग्याला याकोबाचे थडगे ठरवले आणि पुढचे सारे त्यातून वाढले. हा बिशप काल्पनिक असावा असा तर्क काही अभ्यासक करीत होते, परंतु १९५५ साली तेथील कॅथेड्रलच्या उत्खननात त्याच्या थडग्यावरची शिळा सापडली आणि तिच्यावर त्याच्या मृत्यूचे वर्ष ८४७ असे निघाले. म्हणजे चमत्काराचा पुरावा मिळाला नाही, पण चमत्कार जाहीर करणारा माणूस मात्र खरा ठरला. बैठकीत हे अवश्य सांगावे, कारण आख्यायिका आणि इतिहास यांची गाठ नेमकी कुठे पडते ते येथे डोळ्यांना दिसते.

आता इमारत. जवळच मोराइमे येथे बाराव्या शतकातील बेनेडिक्टाईन या ख्रिस्ती संन्यासीपंथाचा मठ आहे आणि मुशियाच्या खडकावरचे पहिले छोटे प्रार्थनास्थळ त्या मठाच्या प्रभावाखाली उभे राहिले असावे असे सर्वसाधारणपणे मानतात. सध्याचे चर्च मासेदाच्या काउंट घराण्याच्या देणगीतून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले गेले, त्याचे वर्ष १७१९ असे दिले जाते. आतील कोरीव लाकडी वेदीमखर सान्तियागोच्या मिगेल दे रोमाय या शिल्पकाराने १७१७च्या सुमारास केले. दर्शनी भागावरचे दोन मनोरे तर अगदी अलीकडचे, १९५८ सालचे आहेत. छायाचित्रात त्या मनोऱ्यांमुळेच चर्च ओळखू येते, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

आख्यायिका मात्र या इमारतीपेक्षा जुनी आहे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या सैन्यात असलेला एरिक लासोटा हा मध्य युरोपातील सायलेशियाचा शिपाई १५८१ साली मुशियाला गेला होता आणि मेरीमातेची दगडी नाव म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शिळांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासनोंदींत केले आहे. तेव्हा आजची वास्तू अस्तित्वातच नव्हती. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे: आधी दगड, मग दगडांभोवतीची कथा आणि सर्वांत शेवटी आजचे चर्च.

धोंडाभूगोल (नांदेड)

वरील मताशी मी सहमत आहे आणि त्या दगडांविषयी थोडे लिहितो, कारण चर्चेत तेच मागे राहतात. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट असला तरी आमच्या देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. तेथे एकावर एक ठेवल्यासारखे गोलसर धोंडे पाहिलेल्या माणसाला मुशियाचा किनारा समजायला वेळ लागत नाही, कारण तोही ग्रॅनाइटचाच आहे. ग्रॅनाइटवरचा भार झिजून कमी झाला की त्याला पृष्ठभागाशी समांतर भेगा पडतात आणि जाड पापुद्र्यासारख्या शिळा सुट्या होतात. मग खारे पाणी, वारा आणि लाटा त्यांना खालून पोखरतात.

‘पेद्रा दे अबालार’ ही अशीच सुमारे ९ मीटर लांबीची पसरट शिळा आहे आणि तिलाच नावेचा सांगाडा मानतात. खालचा टेकू अरुंद असल्यामुळे माणसे तिच्यावर विशिष्ट जागी उभी राहिली की ती डुलत असे. निष्पाप माणसाच्या पायाखालीच ती हलते अशी श्रद्धा होती आणि कौल लावण्यासाठी तिचा उपयोग होत असे. दुसरी ‘पेद्रा दोस कादरीस’, जिला नावेचे शीड म्हणतात. तिचा आकार मूत्रपिंडासारखा असून एक बाजू जमिनीपासून उचललेली आहे. तिच्याखालून नऊ वेळा वाकून गेल्यास कंबरदुखी आणि मूत्रपिंडाचे विकार बरे होतात असे मानतात. तिसऱ्या लांबट दगडाला सुकाणू म्हणतात. लाटांची ताकद या शिळांनाही सोडत नाही. १९७८ सालच्या वादळात अबालारची शिळा जागची हलली होती.

चिकित्सक (परभणी)

सर्व माहिती उपयुक्त आहे, परंतु एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. लोक आधीपासून दगड पूजत होते, चर्चला ते थांबवता आले नाही, म्हणून त्या पूजेवर मेरीमातेचे नाव घातले गेले, असे सरळ का म्हणू नये? सहाव्या शतकात ब्रागाचा (आजच्या पोर्तुगालमधील गाव) बिशप मार्टिन याने याच प्रदेशातील खेडुतांसाठी लिहिलेल्या प्रवचनात दगडांपाशी, झाडांपाशी आणि झऱ्यांपाशी मेणबत्त्या लावणाऱ्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे. ज्याची एके काळी निंदा केली, तेच पुढे तीर्थ झाले. याला चमत्कार म्हणण्यापेक्षा तडजोड म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

पायवाट (लातूर)

चिकित्सक सर, मार्टिनचा आधार आपण फार योग्य दिला आहे आणि तो ताईंनी अवश्य घ्यावा. परंतु ‘तडजोड’ या शब्दावर चर्चा संपवली तर लोकांच्या बाजूने काय घडले ते दिसतच नाही. सान्तियागोपर्यंत चालत जाणारे अनेक यात्रेकरू तेथे न थांबता पुढे याच किनाऱ्यावरच्या फिनिस्तेरे आणि मुशियापर्यंत चालतात आणि मीही ती वाट चाललो आहे. कादरीसच्या शिळेखालून जाताना गुडघे टेकावे लागतात, हात ओल्या, खरखरीत ग्रॅनाइटवर ठेवावे लागतात आणि पाठ वरच्या दगडाला घासते. माझ्यापुढे एक वृद्ध स्त्री होती, तिची मुलगी प्रत्येक फेरीला हात देऊन तिला उठवत होती आणि फेऱ्या मोठ्याने मोजत होती. कोणी पाद्री तेथे नव्हता आणि हे करा असे कोणी सांगतही नव्हते. आख्यायिका वरून लादलेली असती तर ती वेदीपाशी टिकली असती, उघड्या खडकावर नव्हे.

याचा दुसरा पुरावा अलीकडच्या इतिहासात आहे. २५ डिसेंबर २०१३ रोजी, ऐन नाताळच्या सकाळी, वीज पडून या चर्चला आग लागली, छप्पर कोसळले आणि वर उल्लेखिलेले रोमायचे वेदीमखर जळून गेले. कलेच्या इतिहासाची ती भरून न येणारी हानी आहे आणि त्या मखराची जुनी छायाचित्रे पाहताना जीव तुटतो. पण यात्रा त्यामुळे संपली नाही. भिंती आगीतून वाचल्या, छप्पर नव्याने घातले गेले आणि लोक पूर्वीप्रमाणेच आधी दगडांपाशी, मग दारापाशी येत राहिले. औंढ्याचे उदाहरण ताईंनी दिले ते मला म्हणूनच नेमके वाटते. नागनाथाच्या शिखराचा भाग अहिल्याबाई होळकरांच्या काळात पुन्हा बांधला गेला, पण नंदी मागे का, याचे उत्तर आजही भाविक नामदेवांच्या नावानेच देतात.

कयाधूकाठ (हिंगोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १५८१ची नोंद आणि मार्टिनचे प्रवचन या दोन टोकांमध्ये माझी मांडणी आता नीट बसते. एक शंका उरते. याच किनाऱ्यावर मोठी तेलगळती झाली होती असे ऐकले आहे. तिचा चर्चशी काही संबंध आहे काय?

शिलावाचक (अंबाजोगाई)

संबंध आहे, ताई, आणि तो जागेचा आहे. सुमारे ७७ हजार टन जड इंधनतेल वाहून नेणारे ‘प्रेस्टिज’ हे जहाज १३ नोव्हेंबर २००२ रोजी या किनाऱ्याजवळ संकटात सापडले आणि १९ नोव्हेंबरला दुभंगून बुडाले. सर्वाधिक झळ बसलेल्या गावांत मुशिया होते. मासेमारी बंद पडली आणि हजारो स्वयंसेवकांनी खडकांवरचे काळे तेल हातांनी खरवडून काढले. त्या घटनेचे स्मारक चर्चच्या वरच्या अंगाला उभे आहे: मधोमध चिरलेली, सुमारे ११ मीटर उंचीची दगडी शिळा, तिचे नाव ‘आ फेरीदा’, म्हणजे जखम. ज्या गावाने आपली देवी दगडाच्या नावेतून आली असे मानले, त्या गावात समुद्राने केलेल्या सर्वांत मोठ्या घावाची आठवणही दगडातच घडवली गेली, हे आपल्या बैठकीत सांगण्यासारखे आहे.

वार्षिक यात्रा सप्टेंबरमध्ये, ८ तारखेच्या मेरीजन्मोत्सवानंतरच्या रविवारी असते. बैठक त्या सुमारास ठेवता आली तर यात्रेची ताजी छायाचित्रेही मंडळींना दाखवता येतील.