लेकीच्या दातांवर पांढरे डाग, कॅल्शियम कमी असेल का?

सानूची_आई (दापोली)
लेक अडीच वर्षांची आहे. परवा ब्रश करताना सहज वरचा ओठ उचलला तर पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून पांढरा पट्टा, भिंतीला चुन्याचं बोट ओढल्यासारखा. खालचे दात मात्र एकदम स्वच्छ. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी पडतंय, नाचणीचं सत्त्व दे, अहो पण ते ती सहा महिन्यांची असल्यापासून खातेय. शेजारच्या काकूंच्या मते विहिरीच्या पाण्याने होतं आणि नवऱ्याचं एकच, दुधाचे दात आहेत, पडणारच. दुखत वगैरे काही नाही, आंबापोळी मजेत चघळत बसते. लहान मुलांच्या डेंटिस्टला दाखवायचं तर चिपळूण गाठावं लागेल, ह्या पावसात पोरीला घेऊन एसटीने. जाऊ की थोडं थांबून बघू?

देवगडची_आजी
गो बाय, आधी ओलो फडको घेवन पूस बघू. माझ्या नातवाक असाच दिसला नि आम्ही सगळी घाबरलव, तर ता रात्रीचा दूध चिकटलला, पुसल्यावर गेला. नाय गेला तर मगे डॉक्टर.

सानूची_आई (दापोली)
पुसलं आजी, दोनदा पुसलं. नाही जात.

दातवाला (रत्नागिरी)
मी डेंटिस्ट आहे, पण न बघता नक्की सांगणार नाही. कापसाने दात कोरडा करून उजेडात बघा, खडूसारखा पांढरा आणि चमक गेलेला दिसला तर बहुतेक किडीची पहिली पायरी आहे. खड्डा पडायच्या आधी दातातली खनिजं निघून जातात तेव्हा आधी असं पांढरं दिसतं, तपकिरी नंतर होतं. खालचे दात चांगले आहेत म्हणालात ना, त्यामुळेच मला जास्त संशय येतोय, कारण बाटली तोंडात असते तेव्हा खालच्या दातांवर जीभ असते, लाळही तिथे जास्त असते, दूध साचतं ते वरच्या पुढच्या दातांवर. झोपेत तर लाळ कमीच होते. रात्री बाटली देता का?

पाण्याचं म्हणाल तर पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की डाग पडतात हे खरं, यवतमाळ-चंद्रपूरकडे ते बघायला मिळतं. पण ते दात घडत असतानाच होतं आणि डाव्या-उजव्या दातांवर सारखंच, ढगासारखं पसरलेलं असतं, असा हिरडीलगतचा पट्टा सहसा नसतो. तरी शंका असेल तर पाणी तपासून घ्या, लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी बाहेर आलेल्या दातावरचा डाग जात नाही. राखुंडी, मिश्री तर अजिबात लावू नका.

सानूची_आई (दापोली)
सांगायला लाज वाटते पण हो, रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते, त्याशिवाय झोपतच नाही 🙈

मालवणी_मम्मा
लाज कसली गं, माझा मुलगा पण तसाच होता. तुझ्या नवऱ्यासारखंच आमच्याकडे पण पडणारच म्हणून बसलो, काही महिन्यांत दोन दात चॉकलेटी होऊन कडेने तुटायला लागले, मग ठणका, रात्र रात्र रडणं, शेवटी कॅप बसवल्या. दुधाचे पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा दहा-बारापर्यंत राहतात, तोवर त्याने जेवायचं कशाने? बाटली एकदम नको तोडू, मी आधी साखर बंद केली मग रोज दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त, आठवड्याभरात नुसतं पाणी झालं आणि त्यानेच फेकून दिली. आंबापोळी, फणसपोळी जेवणाबरोबर दे, दिवसभर हातात नको, ती दाताला कशी चिकटते माहितीये ना.

दातवाला (रत्नागिरी)
बरोबर. पेस्टच्या ट्यूबवर 1000 पीपीएम फ्लोराइड लिहिलंय का बघा, पाण्यात ते जास्त नको पण पेस्टमध्ये हवं, आणि मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. ह्या पायरीवर एवढी काळजी घेतली तर डाग तिथेच थांबू शकतो, कधी कधी फिकाही होतो. फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातावरचा फ्लोराइडचा लेप, लावायला दोन-पाच मिनिटं लागतात, सुई नाही, ड्रिल नाही. म्हणून थांबू नका, आत्ताच जा. खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंतच एकदा दाखवून घ्यायला हवं, पण आपल्याकडे दुखल्याशिवाय कोण येतंय.

सानूची_आई (दापोली)
कापसाने कोरडं करून बघितलं, अगदी पाटीवरच्या खडूसारखं दिसतं. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. ट्यूब बघितली तर फ्लोराइडचं नावच नाही, नुसती स्ट्रॉबेरी. कालपासून साखर बंद, रात्री दोन तास रडली, सासूबाई माझ्यावर रुसल्यात. आंबापोळीचा डबा माळ्यावर टाकलाय, पण तो काढून खाताना आत्ताच नवऱ्याला पकडलं.

देवगडची_आजी
त्येचे दात पण बघ गो 😄