खाडीच्या तोंडाशी दिसणारं क्लोरोफिल
दाभोळ खाडीच्या तोंडाशी उपग्रहाच्या नकाशात लालभडक रंगात भरपूर क्लोरोफिल दिसतं म्हणजे तिथे वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) माजलंय, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. उपग्रहाच्या प्रतिमेवरून क्लोरोफिल काढायचं नेहमीचं सूत्र पाण्यातून परतणाऱ्या निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर, साधारण ४४३ आणि ५५५ नॅनोमीटरवर चालतं: हिरव्याच्या मानाने निळा जितका कमी, तितकं क्लोरोफिल जास्त. भर समुद्रात ते ठीक. पण या खाडीत येणाऱ्या वाशिष्ठी नदीचा गाळ हिरवा प्रकाश जास्त परतवतो, कुजलेल्या पाल्याचा चहासारखा रंग निळा गिळतो. सूत्राला दोन्ही क्लोरोफिलच वाटतं! त्यापेक्षा सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहाचे ६६५ आणि ७०९ नॅनोमीटरचे प्रकाशपट्टे वापरून बघा. अर्थात क्लोरोफिल खरंच भरपूर असेल तरच ते पट्टे काही सांगतात. त्याच्या प्रतिमेतला एक पिक्सेल (ठिपका) ३०० मीटरचा, त्यामुळे खाडीत फार आत शिरलात तर काठची जमीनच मिसळते. पावसाळ्यातल्या प्रतिमांचा नाद सोडा, ढगच असतात. आणि तारीख निवडताना ओहोटीची वेळ तपासा, गाळ तेव्हाच बाहेर पसरतो.