मदत हवी आहे : सांगलीहून साताऱ्याला घर हलवताना तंबोरा आणि चिनी मातीच्या बरण्या कशा बांधाव्यात?

नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सांगलीचे घर सोडून साताऱ्याला शाहूपुरीत राहायला जात आहोत. पेठ नाका आणि कराडमार्गे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर असून वाटेत मोठा घाट नाही, म्हणून टेम्पोवाले निर्धास्त आहेत, मी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आम्ही रातोरात सामान वरच्या मजल्यावर चढवले होते. पुराच्या पाण्याने आमचे एकही भांडे फोडले नाही. ज्या डझनभर कपबशा आणि एक बरणी फुटली, ती आम्हीच घाईघाईने पोत्यात कोंबल्यामुळे फुटली.

सर्वांत मोठी काळजी सासूबाईंच्या तंबोऱ्याची आहे. तो मिरजेत बनवून घेतलेला असून त्याला पेटी नाही, केवळ कापडी गवसणी आहे. सगळ्या तारा पूर्ण सैल करून, गाद्यांमध्ये गुंडाळून तो दिवाणाच्या कप्प्यात आडवा ठेवावा, असा माझा विचार होता. परंतु भोपळ्याला तडा गेला तर काय, या विचाराने हात पुढे होत नाही.

दुसरा प्रश्न चिनी मातीच्या चार बरण्यांचा आहे. दोन बरण्यांत गेल्या वर्षीचे कैरीचे लोणचे आहे. वर दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचे फडके, घट्ट बांधून त्या भरलेल्याच नेल्या तर चालेल का? याशिवाय काचेच्या ताटल्या, लंबकाचे भिंतीवरील घड्याळ आणि कपाटाचा सुटा आरसा आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी मिरजेत तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. तारा पूर्ण सैल करू नयेत. तबलीवरील, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरील, घोडी (जिच्यावरून तारा जातात तो छोटा पाट) मुख्यतः तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. तो दाब गेला की घोडी सरकते आणि जवारी, म्हणजे स्वर गुंजत राहावा यासाठी घोडीवर केलेली जुळणी, पुन्हा लावून घ्यावी लागते. दोन-तीन स्वर खाली उतरवणे पुरेसे आहे. त्याआधी घोडीच्या कडेने पेन्सिलीची पुसट रेघ मारून ठेवावी, म्हणजे ती सरकलीच तर मूळ जागा कळेल. तारांखाली घोडीवर घातलेले जवारीचे दोरे काढून पाकिटात ठेवावेत.

आपल्याला भोपळ्याची भीती वाटते ती योग्यच आहे, पण आमच्याकडे येणारी पुष्कळ वाद्ये गळ्यापाशी, म्हणजे भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यात उकललेली असतात. दांडी लांब असल्यामुळे तिला बसलेला प्रत्येक हिसका त्या सांध्यावर जातो. म्हणून तंबोरा नुसत्या दांडीला धरून कधीही उचलू नये. एक हात भोपळ्याखाली असावा. जुन्या साडीची मोठी चुंबळ करून भोपळा तिच्यात बसवावा, तबली वरच्या बाजूस ठेवावी आणि दांडीखाली टोकापर्यंत गोधडीची घडी द्यावी, म्हणजे दांडी अधांतरी राहणार नाही. दिवाणाचा कप्पा नकोच, कारण आत काय आहे हे चढवणाऱ्याला दिसत नाही. तंबोरा आपल्या मोटारीच्या मागच्या सीटवर न्यावा आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवून चहाला उतरू नये. उष्णतेने सांध्यांतील सरस सैल होतो.

प्रतिसाद २

बरण्यांविषयी सांगते. लोणचे काढून प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे. दादरा धूळ अडवतो, हिंदकळणारे तेल अडवत नाही. शिवाय भरलेल्या बरणीचे वजन धक्क्याच्या वेळी तिच्याच तळावर येते. खोक्यांसाठी एक सुचवते. आपल्या भागात बेदाण्याची १५ किलोची खोकी मिळतात, ती वजनासाठीच बनवलेली असतात. मात्र कोरी मागावीत. वापरलेली चिकट असतात आणि नव्या घरात आपल्याआधी मुंग्या पोहोचतात. तळाशी चुरगळलेल्या कागदाचा चार बोटे थर द्यावा, एका खोक्यात एकच बरणी ठेवावी आणि तिच्या पोटातही कागद भरावा. खोके बंद करून हलकेच हलवून पाहावे. आत काहीही हलल्याचे जाणवले तर पुन्हा उघडून कागद भरावा.

ताटल्या एकावर एक आडव्या रचू नयेत. प्रत्येकीला कागद गुंडाळून त्या वहीच्या पानांसारख्या उभ्या लावाव्यात, कारण काच कडेवर जो भार सोसते तो सपाट पृष्ठभागावर सोसत नाही. आरसाही त्याच कारणासाठी उभाच न्यावा. घड्याळाचा लंबक काढून वेगळा बांधावा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते, तेव्हा आतला थर कोऱ्या कागदाचा असू द्यावा.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचे मनःपूर्वक आभार. कोरी खोकी आज सांगून ठेवली. तंबोऱ्याची लांबी मोजली, तेव्हा तो मागची संपूर्ण सीट व्यापणार हे लक्षात आले. पुढच्या सीटवर सासूबाई बसणार आणि गाडी मुलगा चालवणार, हे घरात ठरले आहे. आम्ही दोघे एसटीने येणार आहोत.