एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस जिवाणू): सेफाझोलिन सेन्सिटिव्ह दाखवतंय, देऊ का?

प्रश्न: जखमेच्या पुवात स्टॅफ ऑरियस आलाय. सेफॉक्सिटिन रेझिस्टंट (औषधाला दाद देत नाही), पण सेफाझोलिन सेन्सिटिव्ह (दाद देतो). कोणतं खरं धरायचं? व्हँकोमायसिनची डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) लावली तर चालेल का?

उत्तर १: सेफाझोलिन अजिबात देऊ नका. मेक-ए जनुकामुळे पीबीपी-२ए प्रथिन तयार होतं, त्याला बीटा-लॅक्टम औषधं (पेनिसिलिन, सेफाझोलिन वगैरे) नीट चिकटत नाहीत (सेफ्टारोलिनसारखा अपवाद सोडून). सेफाझोलिनचा प्लेटवरचा झोन (डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला गोल) फसवा असतो, सेफॉक्सिटिनचंच खरं धरा. सेफॉक्सिटिनची डिस्क ३० मायक्रोग्रॅमची, इन्क्युबेटर ३३ ते ३५ अंश, १६ ते १८ तास. झोन २१ मिमी किंवा कमी म्हणजे एमआरएसए. तापमान ३५ च्या वर गेलं की रेझिस्टन्स निसटतो, म्हणून थर्मामीटर आधी तपासा. व्हँकोमायसिनची डिस्क नकोच. तिच्यात मध्यम रेझिस्टंट जंतू ओळखू येत नाहीत. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रवात औषधाच्या उतरत्या मात्रा लावून) एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढा. २ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत सेन्सिटिव्ह.

उत्तर २: पू साचला असेल तर आधी निचरा, नुसत्या इंजेक्शनने भागणार नाही. व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान ६० मिनिटांत सोडायचं. घाईने दिलं की हिस्टामिन सुटून मान-चेहरा लाल होतो, बीपीही पडू शकतं; अशा वेळी ड्रिप थांबवा. क्रिएटिनिनवर (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) लक्ष हवं, जेंटामायसिन सोबत असेल तर जास्तच.

उत्तर ३: वॉर्डात त्या पेशंटचा बीपी कफ आणि स्टेथोस्कोप वेगळा ठेवा. ग्लोव्हज काढल्यावरही हात २० ते ३० सेकंद हँडरबने चोळायचेच, काढतानाच हात माखतात.